जांभळीवाडीचे आवाज

"जे गेलंय ते भर बाजारात मांडून बसलं, तरी कुणी हातात धरणार नाही," प्रसेनजीत कांबळे म्हणाले. "म्हणून तर कळत नाही मला, नेलं कुणी आणि कशाला."

राजारामपुरीत धान्याच्या दुकानावर पद्मावती मगदूम यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. २००८ सालचा मे महिना. भारनियमनामुळे पंखा बंद होता. पद्मावतीबाईंनी बरीच वर्षं विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या तपासल्या होत्या. आता त्या खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे मदतनीस बापूसो चव्हाण, निवृत्त हवालदार, खिडकीत बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते.

"नीट पहिल्यापासून सांगा, सर," पद्मावतीबाई म्हणाल्या.

कांबळे सर एका कॉलेजात मराठी शिकवत. राधानगरीच्या वरच्या अंगाला जांभळीवाडी नावाचं गाव होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथून उठून जिल्हाभर पांगलेली म्हातारी माणसं शोधून काढायची, त्यांना बोलतं करायचं आणि ते टेप करायचं, हे सरांचं सुट्टीचं काम. घरं कशी होती, भात कुठं लावायचे, पाणी चढलं तेव्हा कोण कुठं होतं, सगळं.

"बोलणाऱ्यांतले बहुतेक आता नाहीत," सर म्हणाले. "दोन हजार पाचच्या पुरात माझ्या घरात पाणी शिरलं. कॅसेटी गेल्या. नशिबानं सगळं आधीच कॉम्प्युटरवर उतरवलं होतं. पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून तो कॉम्प्युटरचा डबा उद्यमनगरात जिनेश शेट्यांच्या डेटा सेंटरमध्ये ठेवला. दुसऱ्या मजल्यावर, थंड खोलीत, कुलपात. आणि तिथून तो गेला."

"दुसरी प्रत?"

"करणार होतो." सरांनी मान खाली घातली. "उन्हाळ्याच्या सुट्टीत करणार होतो."



"कुलूप फोडलंय?" बापूसोंनी विचारलं.

"नाही. दार बंद, कुलूप शाबूत, डबा नाही. आत फक्त डबा बांधलेला पट्टा लोंबतोय, कापलेला. शेट्यांचा संशय त्यांच्या कृष्णातवर आहे, कारण किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे. उद्या त्याला पोलिसांत देणार म्हणतात. पण तो पोरगा तसा नाही, मॅडम. तो पट्टा त्यानंच मला आणून दिला होता. त्याला वाचवा, आणि जमलं तर आवाज शोधा."

---

डेटा सेंटर म्हणजे एक मोठा हॉल. खाली जनरेटर धडधडत होता. बाहेर उकाडा, आत मात्र काश्मीर. मधोमध पाच उंच लोखंडी कपाटं एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांना इथं रॅक म्हणत. प्रत्येकाला पुढं आणि मागं जाळीचं दार. वेगवेगळ्या लोकांनी ते भाड्यानं घेतलेले. पुढच्या दारांवर डावीकडून एक ते पाच आकडे रंगवले होते.

"दोन नंबर कांबळे सरांचा," जिनेश शेटे म्हणाले. वडिलांचा फाउंड्रीचा धंदा सोडून त्यांनी हे नवं काम काढलं होतं. "तीन नंबर आदिती चौगुलेंचा, त्या शाळांसाठी सॉफ्टवेअर करतात. चार नंबर एका ट्रॅव्हल्सचा. एक आणि पाचवाले पुण्याचे, महिनोन्महिने फिरकत नाहीत."

पद्मावतीबाई जाळीतून आत बघत निघाल्या. दोन नंबर रिकामा, फक्त खाली एक फळी. तीन नंबर निम्मा भरलेला. चार नंबरमध्ये खालपासून वरपर्यंत यंत्रं खच्चून बसवली होती आणि हिरवे दिवे लुकलुकत होते.

"बसवाल्यांना एवढं काय लागतं?"

"तिकिटं, शिवाय प्रत्येक बस कुठं आहे, किती वेगात आहे, ते सगळं इथं साठतं. दिवाळीनंतर फार वाढवलं त्यांनी. आधी एकच डबा होता."

"किल्ल्या?"

"ज्याची त्याच्याकडे एक, कृष्णातकडे सगळ्यांची. प्रत्येकीला वेगळ्या नंबरचा बिल्ला आहे." शेट्यांनी जुडगा वाजवून दाखवला. "कॅमेरा पण आहे. पुढची बाजू आणि दरवाजा दिसतो."

"आणि मागची?"

शेटे जरा अडखळले. "मागं यंत्रांचा गरम वारा येतो. तिथला कॅमेरा जळाला. बसवायचा राहिलाय."

डबा सोमवारी चालू होता, गुरुवारी सरांनी बघितलं तेव्हा नव्हता. मधल्या दिवसांत आत तिघंच आले होते: कृष्णात, आदिती चौगुले आणि ट्रॅव्हल्सचे मॅनेजर बाळासो सुतार. तिघंही मागच्या बाजूला गेले होते आणि तिघांच्याही हातात पिशवी होती. डबा दोन विटांएवढा, कुठल्याही पिशवीत मावला असता.

"बापूसो, मागं जाऊन सरांचा रॅक जरा उघडा बघू," पद्मावतीबाईंनी किल्ली दिली.

बापूसो गेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "बाई, ह्यो तर गच्च भरलाय की! चोरानं परत आणून ठिवलं का काय?"

शेटे हसले. "अहो, तो चार नंबर. तुम्ही डावीकडून दुसरा धरला. मागून सगळं उलटं होतं."

"मग मागं आकडं का टाकलं न्हाईसा?" बापूसो चिडून म्हणाले.

पद्मावतीबाई हसल्या नाहीत. त्या मागच्या बोळात जाऊन पाचही कोऱ्या दारांकडे बघत उभ्या राहिल्या. मग दोन नंबरचं दार उघडून त्यांनी तो पट्टा हातात घेतला. नायलॉनचा जाड पट्टा, मधोमध कापलेला. बकल तसंच लावलेलं होतं.

---

कृष्णात पोवार बाहेरच्या जिन्यात बसला होता. पंचविशीचा असेल. डोळे सुजलेले.

"मी कशाला नीन, बाई? सरांचा डबा मीच बांधलाय त्या फळीला. जनरेटर चालू झाला की समदं थरथरतंय, म्हणून."

"सुतार आले तेव्हा तू कुठं होतास?"

"लाईट गेलती. खाली जनरेटरपाशी हुतो. भाडेकरूला आत सोडायला मालकांची परवानगी हाय."

"तो पट्टा सोडायला किती वेळ लागतो?"

"वेळ कसला? बकल दाबलं की सुटतंय." त्यानं चुटकी वाजवली. मग घाबरून विचारलं, "मला आत घालतील का वो? घरात आईला अजून सांगितलं न्हाय."

"आज तरी कुणाला काही सांगू नकोस," पद्मावतीबाई म्हणाल्या.

आदिती चौगुले आपल्या ऑफिसातच भेटल्या. तिशीतली, भरभर बोलणारी बाई.

"रॅकमधून एक डबा गेलाय," पद्मावतीबाई एवढंच म्हणाल्या.

"कुणाचा? माझं तर काही नाही ना गेलं?" आदिती उठूनच उभी राहिली. सरांचा गेला म्हटल्यावर ती हळूहळू खाली बसली. "अरेरे. सगळे आवाज त्यात होते."

"तुमचं आणि सरांचं त्यावरून वाजलं होतं म्हणे."

"वाजलं होतं. मी म्हणत होते, ते इंटरनेटवर टाकू, जगाला ऐकू दे. सर म्हणाले, म्हातारी माणसं माझ्याशी विश्वासानं बोललीत, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. मला राग आला होता." ती थांबली. "तुमचा संशय माझ्यावर असेल तर एक सांगते. तो डबा नेऊन कुणालाच काही ऐकता येणार नाही. चालू केला की आधी सरांचा पासवर्ड मागतो. मला आवाज हवे होते. नुसतं लोखंड घेऊन मी काय करू?"

"तुमच्या रॅकची किल्ली बघू?"

पद्मावतीबाईंनी ती सरांच्या किल्लीवर ठेवली, दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या आणि आदितीची परत दिली.

बाहेर आल्यावर बापूसो म्हणाले, "बाई न्हाय वाटत चोर."

"का?"

"लई खरं बोलली."

"कारण चांगलं नाही, बापूसो, पण माणूस बरोबर ओळखलात."

---

ट्रॅव्हल्सचं ऑफिस कावळा नाक्याच्या पुढं. मागच्या आवारात एक बस ताडपत्रीनं झाकून ठेवली होती. ताडपत्रीखालून फुटलेला दिवा दिसत होता.

बाळासो सुतार पन्नाशी ओलांडलेले, अंगानं थोराड. त्यांनी पाव्हण्यांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"डेटा सेंटरमधल्या एका रॅकमधून डबा चोरीला गेलाय," पद्मावतीबाईंनी इथंही तेवढंच सांगितलं.

"असं व्हय?" बाळासोंनी रुमालानं मान पुसली. "लई वाईट झालं. चोर सापडला का?"

"अजून नाही. तुम्ही तिकडे गेला होता ना?"

"गेलतो की. उन्हाळा हाय, यंत्र तापत्यात म्हणत्यात. म्हटलं मागनं बघून यावं, पंखा फिरतुया का न्हाय. तसं बघायला तरी काय हाय त्यात? खाली एक डबा, बाकी कपाट मोकळंच. वारं खेळायला जागाच जागा. मला कॉम्प्युटरमधलं कळत न्हाय, बाई. मालक पुण्यात, त्येंचा भाचा ते समदं बघतुया."

"याआधी कधी गेला होता?"

"दिवाळीच्या आधी एकडाव. त्यो कृष्णात लांबनं दाखवून म्हणाला, त्यो उजवीकडनं दुसरा तुमचा."

"ती बस कसली झाकलीय?"

बाळासोंनी चहाचा कप बशीत ठेवला. "अपघात झाला जयसिंगपूरच्या रस्त्याला. एक सायकलवाला गेला बिचारा."

"चालवत कोण होतं?"

"माझाच पोरगा." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "त्यो म्हणतोय, सायकल एकदम आडवी आली, गाडी सावकाश हुती. सध्या गावाकडं हाय. झोप न्हाय त्येला. ओरडत उठतोय."

परतीच्या रिक्षात बापूसो हळहळले. "बापाचा जीव तुटतुया बघा. उगंच तरास दिला आपण."

ऑफिसात पोचल्यावर पद्मावतीबाईंनी ट्रॅव्हल्सच्या मालकांना पुण्याला फोन लावला. बोलणं थोडक्यात झालं.

"काय झालं, बाई? गावला का चोर?"

"सापडला," त्या म्हणाल्या. "सापडला नसता तर बरं झालं असतं."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डेटा सेंटरच्या मागच्या बोळात जमले. सर, शेटे, आदिती, कृष्णात, बाळासो सुतार. यंत्रांचा गरम वारा तोंडावर येत होता.

"बाळासो, तुमची किल्ली आणलीय ना? तुमचा रॅक उघडून दाखवता का? मालकांनी सांगितलंय, नीट बघून घ्या म्हणून."

बाळासो गोंधळले. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे बघून त्यांनी किल्ली काढली. दारांवरून नजर फिरवली आणि ते सरळ उजवीकडच्या दुसऱ्या दाराशी गेले. किल्ली फिरली. दार उघडलं.

आत एक फळी होती, आणि फळीला कापलेला पट्टा लोंबत होता.

"हितलाच डबा गेलाय बघा," बाळासो म्हणाले. "आमचाच."

"नाही," पद्मावतीबाई हळूच म्हणाल्या. "हा कांबळे सरांचा रॅक आहे. तुमचा तो, डावीकडून दुसरा. त्यातलं काहीच गेलेलं नाही."

बाळासोंनी त्या भरलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या रॅककडे बघितलं. मग हातातल्या किल्लीकडे. "मग ही किल्ली हिथं कशी लागली?"

"ते शेटे सांगतील."

जिनेश शेट्यांचा चेहरा उतरला होता. पद्मावतीबाईच पुढं बोलल्या. "बिल्ले वेगळे, किल्ल्या एकच. मी काल दोन किल्ल्या एकमेकींवर ठेवून बघितल्या, एका दात्याचा फरक नाही. कारखान्यातून अशी कपाटं येतात तेव्हा सगळ्यांना सारखंच कुलूप असतं. बसवल्यावर ते बदलून घ्यायचं असतं."

"राहून गेलं," शेटे पुटपुटले. "खोलीला मोठं कुलूप आहे, बाहेरचं कुणी येत नाही, असं वाटलं. आणि मी या पोराला चोर म्हणालो."

"पण बाई, ह्येंच्यावर नजर कशी गेली तुमची?" बापूसोंना राहवेना.

"पट्ट्यापासून. कृष्णातनं तो बांधला होता. त्याला नुसतं बकल दाबायचं होतं, त्यानं कापला कशाला असता? कापणारा माणूस घाईत होता आणि त्याला तो डबा परका होता. मग आदितीबाई म्हणाल्या, पासवर्डशिवाय डबा म्हणजे लोखंड. म्हणजे नेणाऱ्याला आवाज ऐकायचे नव्हते. मग त्याला डबा नाहीसा करायचा होता का? पण जांभळीवाडीच्या म्हाताऱ्यांचे आवाज कुणाला खुपणार? कुणालाच नाही. तेव्हा वाटलं, त्याला हा डबा नकोच असेल. तो चुकला असेल. आणि इथं चुकणं किती सोपं आहे ते तुम्हीच दाखवलंत, बापूसो. पुढून उजवीकडून दुसरा तो चार नंबर. मागं आलं की त्याच जागी दोन नंबर येतो."

बापूसोंनी मान हलवली.

"मग बाळासोंकडे गेलो. मी डबा कुणाचा ते सांगितलं नव्हतं. आदितीबाईंनी पहिला प्रश्न विचारला, माझं काही गेलं का? बाळासोंनी विचारलंच नाही. त्यांना वाटत होतं, डबा कुणाचा ते आपल्याला माहीत आहे. पुढं ते म्हणाले, आमच्या कपाटात खाली एक डबा, बाकी मोकळं. त्यांचा रॅक दिवाळीपासून असा गच्च भरलेला आहे. मोकळं कपाट इथं एकच होतं."

बाळासो दाराला धरून उभे होते.

"पोरासाठी केलं," ते शेवटी म्हणाले. "त्यो म्हणतोय सावकाश हुतो. पण बाप हाय मी, त्येच्या तोंडावरनं कळतंय मला. बस किती पळत हुती ते ह्या डब्यात हाय, आसं ऑफिसात बोलत हुती. म्हटलं, डबाच न्हाय तर काय. किल्ली फिरली, म्हटलं आपलाच. काढला, शिरोलीत वळखीच्या भट्टीवर नेला, हातोड्यानं फोडला आणि भंगारासंगं आत टाकला. आता काय उरलं न्हाय त्येचं."

सरांनी डोळे मिटून घेतले.

"बाळासो," पद्मावतीबाई म्हणाल्या, "तुमच्या मालकांशी बोलले मी काल. बसच्या वेगाची माहिती पोलिसांनी तुमच्या इथं येण्याच्या आधीच पुण्याहून घेतलीय, मालकांचा भाचा ती तिथंही उतरवून ठेवतो. तुम्ही बरोबर डबा नेला असता, तरी काही बदललं नसतं."

बाळासो हळूहळू खाली बसले. गरम वाऱ्यानं त्यांच्या सदऱ्याची कॉलर हलत होती. मग त्यांनी वर बघितलं. "सर, तुमचं काय हुतं त्यात?"

"माणसं होती," सर म्हणाले. "धरणात गेलेल्या गावातली. जांभळीवाडीची."

"जांभळीवाडी?" बाळासोंचा आवाज बदलला. "आमची जांभळीवाडी?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. "सुतार. बयाबाई सुतार तुमच्या कोण?"

"आई. दोन वर्षं झाली जाऊन." ते थांबले. "ती म्हणाल्याली, कोण मास्तर आलता, दिवसभर बोलून घेतलं. मी डुटीवनं आलतो, दमलतो. बोलली असशील कायतरी, म्हणालो. काय बोललीस ते इचारलं न्हाय. सर, काय बोललेली?"

सर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनी सांगितलं, "एक म्हैस होती तुमची. गाव सोडून तुम्ही नव्या जागी आलात तरी ती रोज संध्याकाळी दावं तोडून पाण्यापर्यंत जायची आणि बुडालेल्या गोठ्याकडे तोंड करून हंबरायची. आई तिला आणायला जायच्या. म्हणाल्या, तिला आणायला जाते असं घरात सांगायचे, पण मलाच जायचं असायचं. तिथं बसून दोघी रडायचो."

"आन् मग?"

"मग हसल्या. हसता हसता ठसका लागला त्यांना. पाणी प्यायल्या आणि तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, त्याला मी पाठीला बांधून न्यायचे, त्याला काही आठवत नसणार." सरांनी मान हलवली. "मी शब्द सांगू शकतो, बाळासो. त्या कशा बोलल्या ते मला करून दाखवता येत नाही."

बाळासोंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आदिती भिंतीकडे वळली. कृष्णातनं पाण्याची बाटली आणून त्यांच्यापुढं ठेवली, पण ती कुणी उचलली नाही.

---

बाळासो त्याच दुपारी बापूसोंबरोबर पोलिसांकडे गेले. गावाकडून मुलाला बोलावून बरोबर घेतलं. सायकलवाल्याच्या घरीही जाऊन आले म्हणे. तिथं काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शेट्यांनी सगळी कुलपं बदलली. कृष्णातला परत कामावर बोलावलं. तो आला, महिना पुरा केला आणि दुसरीकडे लागला.

पावसाळ्याच्या तोंडावर कांबळे सर पद्मावतीबाईंकडे फी द्यायला आले. बाईंनी ती घेतली नाही. सर पुन्हा गावोगाव फिरायला लागले होते. आधी बोललेल्यांपैकी जी थोडी राहिली होती त्यांतल्या एकीला आता ओळख पटत नव्हती, आणि एक आजोबा म्हणाले, एकदा सांगितलंय की, परत कशाला?

"बाळासो जामिनावर सुटलेत," सर म्हणाले. "रविवारी घरी आले होते. आपणहून. म्हणाले, माझं टेप करा, मी पण तिथलाच हाय."

"मग?"

"मशीन लावलं. त्यांनी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. म्हणाले, घराच्या मागं एक झाड हुतं. कशाचं ते आठवेना. आंब्याचं म्हणाले, मग म्हणाले, नसंल, फणसाचं असंल." सरांनी चष्मा काढून पुसला. "आई असती तर तिला इचारलं असतं, असं म्हणून गप्प बसले. मी मशीन बंद केलं नाही. म्हटलं, आठवेल काहीतरी. कॅसेटची बाजू संपेपर्यंत ते तसेच बसून होते."

खाली दुकानात कुणीतरी पोतं आपटलं. बापूसोंनी वर्तमानपत्राची घडी केली आणि कुणाला न विचारता तिघांचा चहा सांगायला ते जिना उतरून गेले.